तंबोरा कुठं गेला? (एलपी संगणकावर घेताना खरखर किती काढावी)

गड्ड्यातला पाळणा (धागाकर्ता)

मंडळी, आधी हकीकत, मग प्रश्न.

सोलापुरात मुरारजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली. आत 41 एलपी, डझनभर छोट्या ईपी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नऊ लाखेच्या रेकॉर्डी, मिनिटाला 78 फेऱ्यांवर वाजणाऱ्या. वडील गिरणीत होते. बोनस झाला की आई भांडी घ्यायची आणि वडील रेकॉर्डी, अशी वाटणी होती म्हणे. प्लेअर कधीच भंगारात गेला, रेकॉर्डी तेवढ्या राहिल्या.

वडील आता 81 वर्षांचे आहेत. डोळे अधू झालेत, कान मात्र अजून शाबूत. म्हटलं सगळं संगणकावर घेऊन पेनड्राइव्हवर देऊ. एक यूएसबी टर्नटेबल मागवला, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि साफ करायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पहिलीच एलपी ख्यालाची निघाली. खरखर इतकी, की मागे कुणीतरी शेंगदाणे भाजतंय असं वाटावं. एक व्हिडिओ बघून 'नॉइज रिडक्शन' लावलं. सुरुवातीचे पाच-सहा सेकंद नमुना म्हणून दिले आणि सगळे काटे उजवीकडे सरकवले. खरखर एकदम गायब! मी खूश.

वडिलांना ऐकवलं. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तंबोरा कुठं गेला?"

परत ऐकलं. खरंच नाही. बुवा विहिरीत एकटेच बसून गातायत आणि खालून पाण्याचे बुडबुडे येतायत असं काहीतरी झालंय. तबलाही उशीत गुंडाळल्यासारखा. काय चुकलं?

---

खर्ज

चूक नमुन्यात आहे. पैजेवर सांगतो, तुमच्या त्या पाच सेकंदांत तंबोरा सुरू झालेला होता.

हे साधन काय करतं ते बघा. तुम्ही दिलेल्या नमुन्यात कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे याचा ते एक तक्ता बनवतं. मग पूर्ण रेकॉर्डिंगभर त्या-त्या पट्ट्यात त्या पातळीच्या खाली जे काही असेल ते दाबतं. खरखर म्हणजे काय आणि तंबोरा म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी 'न थांबता, एकसारखं चालू असलेलं' म्हणजे गोंगाट. आपल्याकडे तर न थांबता एकसारखं चालणं हेच तंबोऱ्याचं काम! पाश्चात्त्य संगीतात गाण्याआधी शांतता असते, आपल्याकडे गाण्याआधी तंबोरा असतो.

नमुना घ्यायचा तो पिन टेकल्यावर आणि तंबोरा सुरू व्हायच्या आधी, त्या रिकाम्या चरीतला (चर म्हणजे पिन जिच्यातून फिरते ती कोरलेली रेघ). दीड-दोन सेकंद मिळाले तरी पुरतात. तिथे पिन टेकल्याचा 'धप्' आणि मोठे टकटक येऊ देऊ नका.

एवढं करूनही धोका संपत नाही. तंबोऱ्याच्या जवारीची जी वरची झिणझिण असते, सुताच्या धाग्याने उघडलेली, ती मुळातच बारीक असते आणि खरखरीच्या पातळीला जवळजवळ चिकटलेली असते. काटा जरा जास्त झाला की पहिला बळी तिचा. षड्ज राहतो, पण त्यातला प्राण जातो. ते बुडबुडे म्हणजे मधूनच सुटलेले आणि मधूनच दाबलेले तुकडे.

आता कामाची गोष्ट. त्याच खिडकीत खाली 'रिड्यूस' आणि 'रेसिड्यू' असे पर्याय आहेत. 'रेसिड्यू' निवडून ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे फक्त तेवढंच ऐकू येतं. त्यात निव्वळ चरचर असेल तर ठीक. त्यात तंबोरा, 'स'कार किंवा तबल्याची चाट (कडेवरचा ठोका) ऐकू आली तर मागे या. मी 6 डेसिबलच्या पुढे फारसा जात नाही.

---

माळढोक

वाचनखूण साठवली आहे. आमच्याही घरी एक पेटी आहे, धाडस होत नव्हतं.

---

धोटा

पाळणाभाऊ, आधी रेकॉर्ड धुतली का? सॉफ्टवेअर नंतर बघा की.

आमचं घर पूर्व भागात, खाली माग आणि वर आम्ही. माझ्या रेकॉर्डींवर धूळ नसते, कापसाचा तूस असतो. पिन दोन गाणी वाजवून उचलली की तिला मिशा आलेल्या असतात. तो तूस चरीत बसतो, तेलकट होतो, ब्रशने निघत नाही. कोरड्या फडक्याने पुसाल तर आणखी आत जातो आणि वर स्थिर विजेने नवी धूळ ओढली जाते ती वेगळीच.

मी असं करतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणायचं, पाच लिटरचा कॅन स्वस्तात मिळतो. आपल्या बोअरचं पाणी अजिबात नको. बादलीला जो पांढरा थर चढतो तोच चरीत चढेल. लिटरभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोनच थेंब. मऊ, नवा रंगाचा ब्रश घेऊन चरीच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं आणि ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवायची. मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. लेबलवर झाकायला मी स्टीलची दोन झाकणं आणि रबर वापरतो.

उन्हात ठेवू नका म्हणजे झालं. चैत्रात आमच्या गच्चीवर दहा मिनिटांत एका एलपीची भाकरी झाली होती. कडक नाही, मऊ.

---

सोल्डरगन

वरचं बरोबर, त्यात एक भर आणि एक ताकीद.

भर: विनाइलला फार तेलकटपणा असेल तर पाण्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ताकीद: लाखेच्या 78ला अल्कोहोल लावायचं नाही. थेंबसुद्धा नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. रेकॉर्ड पुसताय असं वाटेल आणि गाणं फडक्यावर येईल.

आता टर्नटेबल. पाळणा, तुमच्या आर्मला मागे वजनाचा गोळा आहे का? की सूटकेसवाला आहे? सूटकेसवाल्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (पिन बसवलेला भाग) असते आणि पाच-सहा ग्रॅम भार पडतो. चांगल्या मॅग्नेटिकला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. उलट बाजूही सांगतो. 'हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते' असं बरेच जण समजतात. भार कमी पडला तर पिन चरीत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते. कार्ट्रिजच्या कागदावर जो आकडा असेल तोच ठेवा.

---

गड्ड्यातला पाळणा

गोळा आहे! काटा चारच्या पुढे होता, मी कधी हातच लावला नव्हता. कागदावर दोन ते तीन लिहिलंय, अडीच केला.

आणि खर्जसाहेब, पैज जिंकलात. तंबोरा तिसऱ्या सेकंदाला सुरू होतो.

---

जैसे थे

सगळ्यांची क्षमा मागून वेगळा सूर लावतो. धुवा, पिन बदला, भार नीट करा, हे सगळं मान्य. पण संगणकात आल्यावर हात लावू नये या मताचा मी आहे. रेकॉर्डची खरखर कान पाच मिनिटांत विसरतो. सॉफ्टवेअरने केलेलं नुकसान विसरता येत नाही. तुम्ही आज जे 'साफ' कराल ते दहा वर्षांनी तुम्हालाच टोचेल, तेव्हा रेकॉर्ड कुठे असेल कुणास ठाऊक.

---

सोल्डरगन

@जैसे थे, म्हणून तर मूळ फाइल वेगळी ठेवायची. तिला हात नाही, दोन ठिकाणी प्रती. साफसफाई प्रतीवर. मग भांडण कुठे उरलं?

रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झला करा. कान 96 ऐकतो म्हणून नाही. टकटकीचा कोपरा टोकदार असतो, तो जास्त नमुन्यांत स्पष्ट दिसतो आणि काढणाऱ्याला अचूक कापता येतो. वडिलांच्या पेनड्राइव्हसाठी शेवटी 44.1 किलोहर्ट्झवर उतरवा. हिशेब असा: 24/96 स्टिरिओला मिनिटाला साधारण 35 एमबी, म्हणजे 20 मिनिटांची बाजू 700 एमबीच्या आत. फ्लॅक या प्रकारची फाइल करून ठेवली की बरीच आटते आणि काही हरवतही नाही.

पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील. लाल लागू द्यायचं नाही.

आणि क्रम पाळा. आधी टकटक, मग बारीक चरचर, मग घरघर आणि गुणगुण, सर्वांत शेवटी गरज वाटली तरच सपाट खरखर. उलटं केलंत तर प्रत्येक टकटकीभोवती डाग पसरतो, मग तो निघत नाही.

---

जैसे थे

मूळ ठेवणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण लोक ठेवत नाहीत. जागा कमी पडली की पहिली तीच उडवतात.

---

धोटा

हे खरंय. मी उडवलीय 😔

---

खर्ज

टकटकीबद्दल थोडं. ऑडॅसिटीतलं 'क्लिक रिमूव्हल' 200 आणि 20 या मूळ आकड्यांवर सुरू होतं. तबला-पखवाज असलेल्या रेकॉर्डला आंधळेपणाने पूर्ण लांबीवर लावू नका. चाटेवरचा कडक 'ना', सतारीचा मिजराब, संतूरचा ठोका हे सगळे त्याला टकटकीचे भाऊबंद वाटतात. मोठे ओरखडे हातानेच काढा. लाट मोठी करा, टोक निवडा, 'रिपेअर'. तो एका वेळी 128 नमुन्यांपर्यंतच चालतो, म्हणजे 96ला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. वेळ लागतो, पण एका बाजूला मोठे ओरखडे तीस-चाळीसच असतात. मी हे काम क्रिकेट लावून करतो.

बारीक चरचरीसाठी 'क्लिकरिपेअर' नावाचा वेगळा प्रोग्रॅम चांगला आहे. त्यात रेकॉर्डिंग उलट्या दिशेने चालवून तपासायची सोय आहे. उलटं वाजवलं की तबल्याचा ठोका हळूहळू वाढत येतो आणि एकदम संपतो, त्यामुळे तो टकटक समजून कापला जाण्याची भीती कमी होते. टकटक मात्र दोन्हीकडून टकटकच राहते.

आणि लेबल बघितलंत का? एचएमव्हीच्या एलपीचा क्रमांक ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर ती मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज. ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ.

---

गड्ड्यातला पाळणा

ईएएलपी आहे. मग काय झालं?

---

खर्ज

मग अर्धं काम फुकटात झालं.

मोनो रेकॉर्डमध्ये आवाज चरीच्या आडव्या हेलकाव्यात कोरलेला असतो. तुमची स्टिरिओ पिन उभी हालचालसुद्धा वाचते. त्या उभ्या हालचालीत गाणं नाहीच. तिथे फक्त धूळ, झीज आणि मोटरची घरघर. डावा आणि उजवा एकत्र करून मोनो केलं की उभी हालचाल आपोआप कटते, गाणं तसंच राहतं. एकही काटा न हलवता खरखर उतरते आणि तंबोऱ्याला धक्का लागत नाही.

फक्त टकटक आधी काढा आणि मग एकत्र करा. बरेच ओरखडे एकाच भिंतीला असतात. एक बाजू फारच खराब असेल तर एकत्र न करता नुसती चांगली बाजू दोन्हीकडे वापरा.

---

माळढोक

हे पहिल्यांदाच कळलं. आमच्या निम्म्या ईएएलपी निघाल्या.

---

गड्ड्यातला पाळणा

चार दिवसांनी अहवाल.

धुतली. धोटाभाऊंच्या झाकणांची युक्ती केली, लेबल कोरडं राहिलं. बादलीत उतरलेल्या पाण्याचा रंग सांगत नाही, कुणी जेवत असेल. एकट्या धुण्यानेच शेंगदाणे भाजायचे थांबले, आता अधूनमधून फोडणी तडतडते एवढंच.

पण नवीन भानगड. खालून एक 'हूंऽऽ' येतंय, पूर्ण रेकॉर्डिंगभर. त्याशिवाय दर काही सेकंदांनी एक जड धडधड.

---

सोल्डरगन

'हूं' म्हणजे 50 हर्ट्झ, अर्थिंगची गोष्ट. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर तोच गुन्हेगार. नाही गेला तर टर्नटेबलच्या मागची बारीक अर्थ वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला नीट लागलीय का बघा. जुन्या वाड्यांत भिंतीतल्या अर्थवर भरवसा नको. सॉफ्टवेअरने 50 काढता येतो, पण तो 100 आणि 150लाही पिल्लं घालतो आणि तिथे पुरुष गायकाचा षड्ज बसलेला असतो.

---

धोटा

धडधड सांगतो मी. शेजारी माग आहे का?

---

गड्ड्यातला पाळणा

माग नाही हो, पंखा! चार्जर काढला आणि 'हूं' गेला. पंखा बंद केला आणि धडधड गेली. मधल्या खोलीतल्या लाकडी तुळईला पंखा टांगलाय आणि तुळईखालीच टेबल. पण आपल्याकडच्या उकाड्यात 22 मिनिटं पंख्याविना बसणं म्हणजे तपश्चर्या आहे.

---

धोटा

आम्ही रात्री दोनला करतो. माग बंद, वस्ती झोपलेली, पंखा बंद, बनियनवर. टर्नटेबल लाकडी पाटावर ठेवा आणि पाटाखाली आपली जाड सोलापुरी चादर चौघडी करून. हादरा खाऊन टाकते.

---

सोल्डरगन

चादर चालेल, पण टर्नटेबल अगदी समतल ठेवा. कललेला असेल तर आर्म एका बाजूला सरकतो. उरलेली घरघर 20-25 हर्ट्झच्या खालचा भाग कापून जाते. त्याच्या वर जाऊ नका, डग्ग्याची गूंज तिथून फार लांब नसते.

---

ताटातूट

उशिरा आलो. रेकॉर्डवर पांढरा गोंद ओतून, वाळवून, साल काढल्यासारखा ओढला की सगळी घाण निघते म्हणतात. कुणी केलंय का?

---

धोटा

मी. एकदा. कडेला थर पातळ पडला, तिथे तुटला आणि चरीतच राहिला. तीन संध्याकाळी नखाने काढत बसलो होतो. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

---

सोल्डरगन

विनाइलवर जाड थर देऊन जमतं, जमलं तर छानच जमतं. पण आपली सर्वांत प्रिय रेकॉर्ड त्यासाठी निवडू नये. लाखेवर तर नकोच.

---

गड्ड्यातला पाळणा

काल रात्री अडीचला पहिली बाजू परत घेतली. 24/96. ओरखडे हातानं काढले, 27 निघाले. मग मोनो. मग खर्जसाहेबांच्या सांगण्यावरून रिकाम्या चरीतला पावणेदोन सेकंदांचा नमुना, 6 डेसिबल. 'रेसिड्यू' लावून कान देऊन ऐकलं. चरचर होती, पण मागे अगदी पुसट असा पंचम वाटला. 4वर आणलं. मग नाही आला.

सकाळी वडिलांना काही न सांगता लावलं. चहा घेत होते. बोलले काहीच नाहीत. कप खाली ठेवला आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर फिरायला लागली, तंबोरा छेडतात तशी. बाजू संपल्यावर म्हणाले, "शेवटी जरा फाटतंय, तानेला." तेवढं बरोबर. शेवटच्या चार मिनिटांत द्रुत तानांना आवाज फाटतो. हे काढता येतं का?

---

सोल्डरगन

नाही. एलपीच्या कडेला चर सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने पिनखालून जाते, आत लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच वेळेचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं आणि पिनेला ते बारीक वळण घेता येत नाही. गोल टोकाच्या पिनेऐवजी लंबगोल टोकाची लावलीत तर फरक पडेल. आधीच जड पिनेने खरवडलेलं असेल तर ते तसंच राहणार. गिरणीच्या बोनसवर घेतलेली रेकॉर्ड आहे, वाजवली असणार भरपूर.

---

जैसे थे

ते फाटणं राहू द्या.

---

गड्ड्यातला पाळणा

राहू देतोय. लंबगोल पिन मागवली आहे, बघू.

आता त्या नऊ लाखेच्या. माझ्या टर्नटेबलवर 78 नाही, 33 आणि 45च आहे.

---

सोल्डरगन

45वर वाजवून ऑडॅसिटीत वेग बदलता येतो, तिथे 45वरून 78 असा तयार पर्याय आहे. पण दोन अडचणी. एक म्हणजे पिन. एलपीच्या पिनेचं टोक 18 मायक्रॉनच्या आसपास असतं, 78ची चर रुंद, तिला साधारण 75 मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक पिन चरीच्या तळाशी घाणीत लोळत जाते आणि तुम्हाला गाण्याऐवजी तळ ऐकू येतो. दुसरी म्हणजे इक्वलायझेशन, म्हणजे कोरताना चढवलेले-उतरवलेले आवाज वाजवताना परत जागेवर आणणं. तुमच्या टर्नटेबलमधलं प्रीअॅम्प (पिनेचा बारीक आवाज मोठा करणारा भाग) 1954 नंतर रूढ झालेल्या आरआयएए वक्राचं आहे. ते 10 किलोहर्ट्झला जवळपास 14 डेसिबल खाली खेचतं. त्याआधीच्या बहुतेक 78मध्ये वरचा आवाज तसा चढवलेलाच नसायचा. म्हणजे न चढवलेलं तुम्ही उतरवणार. लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डी बोदड्या असतात. निम्म्या बोदड्या या अशा झालेल्या असतात.

माझ्याकडे 78 वेगाचा जुना डेक आणि जाड पिन आहे. सपाट, म्हणजे तो वक्र न लावणारा प्रीअॅम्पही केलाय. घेऊन या.

---

खर्ज

वेगाचा भरवसा डेकवर ठेवू नका, मोजून घ्या. 77 रेघांची चकती छापून 50 हर्ट्झच्या दिव्याखाली धरायची, रेघा स्थिर दिसल्या की 78. एलईडी बल्बखाली बऱ्याचदा दिसत नाही, जुनी चोकवाली ट्यूब किंवा पिवळा बल्ब लागतो. शिवाय त्या काळात कोरतानाचाच वेग नेमका असेल असं नाही. सहा टक्के चुकला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, काळी चार म्हणता म्हणता पांढरी पाच. मागे पेटी वाजत असेल तर घरची पेटी घेऊन ताडून बघा.

---

गड्ड्यातला पाळणा

पेटी नाही, पण वडील आहेत. या बुवांना त्यांनी हुतात्मा स्मृती मंदिरात समोर बसून ऐकलंय, पट्टी माहीत आहे म्हणतात. त्यांना घेऊनच येतो. रविवारी चालेल?

---

सोल्डरगन

चालेल. दुपारी तीननंतर या. जिना उभा आहे, त्यांना खालीच बसवू, डेक मी खाली आणतो. रेकॉर्डी उभ्या धरून आणा, आडव्या एकावर एक नकोत. रिक्षाच्या एका खड्ड्यात नऊच्या अठरा होतात.

---

धोटा

मीपण येलालो. डिस्टिल्ड पाणी आणतो.